काऽऽही होत नाही!

"स्टेज वन करून चाळीस हजार किलोमीटर झाले, काऽऽही झालं नाही!"

हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता त्याचे टी-शर्ट छापायला हरकत नाही. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, कँटीनमध्ये, लोणावळ्याच्या टपरीवर. बोलणारा वेगळा, गाडी वेगळी, सूर तोच. आणि समोर ऐकत उभा असतो एखादा पोरगा, ज्याने पाच वर्षांच्या हप्त्यांवर सेकंडहँड ऑक्टाव्हिया घेतलीय आणि सोमवारी सकाळी त्याच गाडीने ज्याला हिंजवडी गाठायचीय. घरात दुसरी गाडी नाही. आज मला त्या पोराच्या बाजूने भांडायचंय.

माझं म्हणणं सरळ आहे. रोज वापरायच्या गाडीची ताकद वाढवली की तिची विश्वासार्हता कमी होते. होतेच. किती कमी होते यावर बोलू, वाद घालू, पण "होतच नाही" असं म्हणणारा एकतर ते विकतोय, नाहीतर विकत घेऊन बसलाय.

(आपल्याकडे खरी दोन दारांची स्पोर्ट्स कार रोज ऑफिसला नेणारे किती? त्यामुळे जोरकस हॅचबॅक आणि सेडानही मी त्यातच धरतोय. शुद्धतावाद्यांनी माफ करावं.)

आता तो चाळीस हजारांचा पुरावा. आपल्या धंद्यात याला "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणतात आणि असं म्हणणाऱ्याला कोणी रिलीज करू देत नाही. एक गाडी, एक चालवणारा, एक शहर. ज्यांचा गिअरबॉक्स गेला ते टपरीवर येऊन सांगत नाहीत, ते गुपचूप ईसीयू पुन्हा स्टॉक करून सर्व्हिस सेंटरला जातात. म्हणजे आपल्यापर्यंत पोचतात फक्त वाचलेले.

मुळात कंपनी गाडीत काय ठेवते? मार्जिन. सगळे सुटे भाग अगदी तंतोतंत सारखे नसतात, पेट्रोल सगळीकडे सारखं नसतं, मालक ऑइल वेळेवर बदलेलच असं नाही. या सगळ्यासाठी ठेवलेली शिल्लक. रिमॅप म्हणजे ती शिल्लक काढून खर्च करणं. खर्च करायला ना नाही, पैसे तुमचे. पण खर्च करून वर "खात्यात तेवढेच आहेत" म्हणू नका!

ऑक्टाव्हियाचंच घ्या. तिसऱ्या पिढीची १.८ टीएसआय, १८० पीएस, २५० न्यूटन मीटर. तिच्या मागे सात गिअरचा डीएसजी, कंपनीच्या भाषेत डीक्यू२००. कोरड्या क्लचचा. आणि हा गिअरबॉक्स जास्तीत जास्त किती टॉर्कसाठी बनवलाय? २५० न्यूटन मीटर! म्हणजे गाडी कारखान्यातूनच काठोकाठ भरून आलेली. त्यात स्टेज वनवाला ३०० च्या पुढचा आकडा दाखवतो आणि आपण डायनोचा कागद फ्रेम करून लावतो. ओल्या क्लचला थंड करायला तेल असतं, कोरड्याला फक्त हवा. ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकताना हा क्लच अर्धवट घासत राहतो. स्टॉक असतानासुद्धा या गिअरबॉक्सची कीर्ती काही फार चांगली नाही. डीएसजीच्या तक्रारींवरून २०१३ मध्ये चीनमध्ये ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. अशा गड्याच्या पाठीवर अजून पोतं चढवायचं?

ट्यूनर म्हणतो, "अहो, इंजिन सहज झेलतं." झेलत असेल. पण इंजिन एकटं रस्त्यावर धावत नाही ना.

आणि इंजिनचंही बघू. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांचा एक खास आजार आहे, कमी आरपीएमवर जोर लावला की स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेट घेतं. नेहमीच्या नॉकिंगपेक्षा हे कितीतरी भयानक, एका फटक्यात पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटू शकते. २०१८ मध्ये ऑइलचा एपीआय एसएन प्लस हा दर्जा मुख्यतः याच दुखण्यासाठी आणला गेला. आता हे होतं कधी? ट्रॅकवर ६००० आरपीएमला नाही. होतं कात्रजच्या चढावर, वरचा गिअर, १६०० आरपीएम, पाय पूर्ण दाबलेला. आणि रिमॅपवाले कशाचं कौतुक सांगतात? "खालूनच केवढा टॉर्क येतो बघा!" रविवारी ट्रॅकवर नेणाऱ्यापेक्षा रोज ऑफिसला जाणाऱ्याच्या वाट्याला हा आजार यायची शक्यता जास्त, हे कोणी सांगत नाही. शिवाय मॅप बसवलेला असतो ९७ किंवा १०० ऑक्टेनवर, आणि गावी जाताना वाटेतल्या पंपावर ते पेट्रोल नसतंच. मग नॉक सेन्सर टायमिंग मागे घेऊन इंजिन वाचवत बसतो, म्हणजे ताकदही गेली आणि शिल्लकही.

पुढचा लाडका मुद्दा: "कंपनी मुद्दाम ताकद दाबून ठेवते." कधीकधी हो, खरं आहे. सुप्रा आणि तिच्या २जेझेड इंजिनच्या दंतकथा आपण सगळे याच वाक्यावर वाढलो. पण त्यामागची गोष्ट वेगळी होती. २८० पीएसच्या वरचा आकडा जाहीर करायचा नाही असं जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवून घेतलं होतं, आणि ते २००४ पर्यंत चाललं. तिथे दाबून ठेवण्याचं कारण इंजिनिअरिंगमध्ये नव्हतंच, म्हणून शिल्लक खरोखरच मोठी होती. तरी अमेरिकेत ३२० हॉर्सपॉवर द्यायची वेळ आली तेव्हा टोयोटाने टर्बोची पाती सिरॅमिकऐवजी स्टीलची घातली. नुसता आकडा वाढवला नाही.

नवी सुप्रा तर याहून बोलकी. तिच्यात बीएमडब्ल्यूचं बी५८ इंजिन आहे, ज्याला ट्यूनिंगवाले देव मानतात. अमेरिकेत २०२० च्या मॉडेलमध्ये ३३५ हॉर्सपॉवर, २०२१ च्या मॉडेलमध्ये ३८२. बघा, कंपनीनेच ४७ वाढवले! कसे वाढवले? नवे पिस्टन टाकून कॉम्प्रेशन ११ वरून १०.२ वर आणलं आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बदलला. म्हणजे ज्यांनी ते इंजिन बनवलं त्यांना ४७ हॉर्सपॉवरसाठी हार्डवेअरला हात घालावा लागला. आणि आपला ट्यूनर तेच काम लॅपटॉप लावून पाऊण तासात करतो, चहा पिता पिता :)

हे लोक स्वीडनमध्ये आर्येप्लॉगच्या गोठलेल्या तळ्यांवर आणि अमेरिकेच्या डेथ व्हॅलीत महिनोन्महिने गाड्या चालवून तपासतात. ट्यूनरची टेस्टिंग कुठे होते? तुमच्या गाडीत, तुमच्या पेट्रोलवर, तुम्ही रोज ऑफिसला जाता-येता. टेस्टर तुम्ही, पगार तुम्हीच देताय.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणाऱ्यांबद्दल काय बोलावं? कन्व्हर्टर काढला की चेक इंजिनचा दिवा लागतो, मग मॅपमध्ये तो एरर कोडच बंद करून टाकतात. म्हणजे सर्व्हरचे अलर्ट बंद करायचे आणि मॅनेजरला सांगायचं, सिस्टिम एकदम हेल्दी आहे! मागच्या गाडीवाल्याच्या नाकात काय जातं, तो विषय तर वेगळाच.

आता कोणी म्हणेल, हा बाबा मॉडिफिकेशनच्याच विरोधात आहे. अजिबात नाही. काही बदल मार्जिन खात नाहीत, वाढवतात. पोर्शच्या ९९६ आणि पहिल्या बॉक्स्टरमधला इंटरमीडिएट शाफ्टचा बेअरिंग प्रसिद्धच आहे, तो गेला की अख्खं इंजिन जातं. बाहेरच्या कारागिरांनी त्याला चांगले पर्याय काढले आणि तो बदललेली गाडी मी तरी स्टॉकपेक्षा आधी घेईन. ई४६ एम३ ची मागची सबफ्रेम बॉडीला जिथे जोडलेली असते तिथला पत्रा तडकतो, लोक तिथे पट्ट्या वेल्ड करून घेतात. उत्तम! चांगले टायर, चांगले ब्रेक पॅड, वेळेवर बदललेलं ब्रेक फ्लुइड, ऑइल कंपनी सांगते त्याच्या आधी बदलणं, हे सगळं करा की. यातलं काहीच डायनोच्या कागदावर दिसत नाही, म्हणून त्याचे फोटोही कोणी टाकत नाही. (स्टॉक शॉकवर नुसत्या आखूड स्प्रिंगा टाकून गाडी बसवणाऱ्यांनी मात्र आपल्या सोसायटीचा स्पीडब्रेकर आधी मोजून यावा.)

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल चालत नाहीत, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेला बदल म्हणजे त्यांच्या हातात क्लेम नाकारायला आयतं कारण. वॉरंटी तर विसराच.

पण मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हे "काही होत नाही"वाले गाडी ठेवतात किती दिवस? तीन वर्षं, फार तर चार. मग मॅप काढायचा, मूळ एक्झॉस्ट माळ्यावरून खाली आणून परत लावायचा, फिल्टर बदलायचा आणि "सिंगल ओनर, वेल मेंटेन्ड" म्हणून विकायची. क्लचची जी झीज झाली ती काही फ्लॅश करून परत येत नाही. ती जाते पुढच्याकडे, त्या हप्तेवाल्या पोराकडे. टपरीवर बढाई मारणारा तेव्हा नव्या गाडीत असतो आणि त्याचे चाळीस हजार किलोमीटर खरंच काही न होता पार पडलेले असतात.

माझं त्यांना एकच विचारणं आहे. काही होत नाही ना? मग विकायच्या जाहिरातीत लिहा की, "अडीच वर्षं स्टेज वनवर चालवलेली". आणि बघा किती फोन येतात ते.