नाणे की पदक?

१/ ३१ मे २०२५ रोजी अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीनिमित्त ३०० रुपयांचे नाणे निघाले. अशा नाण्यांवर संग्राहकांत दोन तट आहेत. एक त्यांच्या आकारावर लुब्ध. दुसरा म्हणतो, एवढे मोठे ते नाणेच नव्हे. वाद मुळातच चुकीच्या जागी चालला आहे.

२/ मोठेपणा हा दोष नव्हे. जहांगीराने १६१३ मध्ये सुमारे १२ किलोची सोन्याची मोहोर पाडली होती.

३/ आगळा आकारही दोष नव्हे. महायुद्धात तांबे वाचवण्यासाठी भोकाचा पैसा आला. पुढे चौकोनी पाच पैसे, षटकोनी तीन पैसे, नागमोडी कडेचे दहा पैसे. चाचपूनही किंमत कळे.

४/ अहिल्यादेवींच्या महेश्वरच्या रुपयावर नाव बादशहा शाह आलमचे, खूण मात्र बेलपत्र आणि शिवलिंगाची. अठराव्या शतकाचे राजकारण त्यात उमटले आहे. तो हातोहात फिरला, झिजला, म्हणून साक्षीदार ठरला. डबीतले ३०० रुपये फक्त २०२५ विषयी बोलतील.

५/ अंबाजोगाई ‘मोमिनाबाद’ होती तेव्हा इथे निजामाचा हाली सिक्का चाले. आजीच्या पेटीतला तो रुपया चांदीच्या भावाने मुशीत जातो आणि आपण नव्या डबीसाठी पैसे साठवतो. मित्रहो, आधी तो वाचवा.