प्लग बदलला, चालू झालं!

लहानपणी आमच्याकडे एक बजाज चेतक होती. ती सुरू करायचा एक ठरलेला विधी होता. आधी चार-पाच किका. नाही झाली की बाबा तिला स्वतःच्या अंगावर आडवी घ्यायचे, परत उभी करायचे, आणखी किका. तरीही नाही झाली तर डिकीतून पाना निघायचा, प्लग बाहेर यायचा, पॉलिश पेपरने घासला जायचा, एक फुंकर, परत आत. फुर्रर्र... निघाली! आम्हाला शाळेला उशीर झालेला असायचा, पण बाबांच्या चेहऱ्यावर ऑपरेशन यशस्वी झाल्याचा आनंद. स्कूटर मुळात बंद का पडली होती, हा प्रश्न आमच्या घरात कधी कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. चालू झाली ना? मग झालं तर!

हीच सवय सामानाबरोबर घेऊन मी अमेरिकेत आलो. आणि गेल्या उन्हाळ्यात तिने मला एका शेतात नेऊन उतरवलं. वरून.

सांगतो. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी उडतो. म्हणजे 'पायलट' वगैरे म्हणावं इतकं काही नाही. माझ्याकडे एक अल्ट्रालाइट आहे. ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यावर ताणलेलं कापड, एक खुर्ची आणि पाठीमागे एक इंजिन. इथे 'पार्ट १०३' नावाचा १९८२ सालचा एक नियम आहे. एकच आसन, रिकामं वजन २५४ पौंडांहून कमी (म्हणजे साधारण ११५ किलो), पेट्रोल जास्तीत जास्त ५ गॅलन (१९ लिटर) आणि सरळ पातळीत कमाल वेग ५५ नॉट (ताशी १०० किलोमीटरच्या आसपास). एवढ्यात बसत असाल तर लायसन्स नको, नोंदणी नको, आणि दरवर्षीची तपासणीही नको. भारतात मायक्रोलाइटला नोंदणी लागते आणि उडवणाऱ्याला परवाना, त्यामुळे इथे आल्यावर हे वाचून मला कोणीतरी गंमत करतंय असंच वाटलं होतं.

तपासणी नको, याचा अर्थ मी 'तपासणीची गरज नाही' असा घेतला. खरा अर्थ 'तपासणारा दुसरा कोणी नाही' असा होता. हा फरक कळायला मला दोन वर्षं आणि एक पिस्टन लागला.

इंजिन म्हणाल तर टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, हवेवर थंड होणारं, ४० हॉर्सपॉवरच्या आसपास. थोडक्यात, आमच्या चेतकचाच थोरला चुलतभाऊ. खाली ऑइलची टाकी नाही, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, ५० ला १ या प्रमाणात. म्हणजे जे पेट्रोल जळतं, तेच येता येता पिस्टनला आणि बेअरिंगला वंगण देऊन जातं. वजनाला हलकं, भाग कमी, ताकद भरपूर. पण यातली मेख अशी, की पेट्रोल कमी पडलं तर वंगणही कमी पडतं. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं (मेकॅनिकच्या भाषेत 'लीन') की जळणं जास्त गरम होतं, ॲल्युमिनियमचा पिस्टन फुगतो, आणि नेमकं त्याच वेळी ऑइलही कमी असतं. मग पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. इंजिन 'सीझ' होतं. कारखान्यातल्या माणसाला हे नवीन नाही, पण तो जमिनीवर उभा असतो!

बरं, हे गुपित नाही. अशा विमानांना टू-स्ट्रोक इंजिनं पुरवणाऱ्या रोटॅक्स या ऑस्ट्रियन कंपनीच्या मॅन्युअलमध्येच साफ लिहिलेलं असतं, की हे इंजिन कधीही अचानक थांबू शकतं, तेव्हा इंजिनाशिवाय सुखरूप उतरता येणार नाही अशा जागी, अशा उंचीवर उडूच नका. अशा सूचना मी त्याच भक्तिभावाने वाचल्या होत्या, ज्या भक्तिभावाने आपण सगळे सॉफ्टवेअर टाकताना 'आय ॲग्री' दाबतो.

तर झालं असं. मे महिन्यात एका शनिवारी लक्षात आलं, की थ्रॉटल बंद केला तरी इंजिनचे फेरे लगेच खाली येत नाहीत. दोन-चार सेकंद वरच रेंगाळतात. आयडलला पण कधी २०००, कधी २६००. आता मी पडलो इंजिनिअर. लगेच कामाला लागलो. एकाच दुपारी चारही प्लग बदलले, कार्ब्युरेटर उघडून साफ केला, पेट्रोलचा फिल्टर बदलला, जुनं पेट्रोल काढून नवीन भरलं. सुरू केलं, आणि काय सांगू, घड्याळासारखं चालायला लागलं! जुने प्लग कचऱ्यात टाकले, हात धुतले, आणि त्या रात्री घरी फोनवर बाबांना फुशारकीने सांगितलं. बाबा म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो? नव्वद टक्के वेळा प्लगच असतो!"

पुढचे दोन शनिवार मस्त गेले. तिसऱ्या शनिवारी ऊन होतं. वर चढताना एक्झॉस्टच्या तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर दिसला. (या जातीच्या इंजिनात तो १२०० फॅरेनहाइटच्या खाली ठेवायचा असतो. माझा तिथे टेकायला आला होता.) मी मनात म्हटलं, गरम दिवस आहे, असणारच. पाचशे फुटांवर आवाज थोडा जड झाला, जणू कोणी ब्रेक दाबतंय, आणि मग एकदम काहीच आवाज नाही. पंखा समोर... म्हणजे माझ्या पाठीमागे, उभाच्या उभा थांबलेला. वाऱ्यात तारांची शीळ तेवढी ऐकू येत होती.

खाली नुकतंच गवत कापलेलं एक शेत होतं. नाक खाली घातलं, वेग सांभाळला, उतरलो. पुढच्या चाकाचा दांडा वाकला आणि माझे गुडघे पुढचा अर्धा तास माझं ऐकत नव्हते. बाकी काही नाही. शेताच्या ऐवजी जंगल असतं तर हा लेख दुसऱ्या कोणीतरी लिहिला असता.

आमच्या धावपट्टीवर माझ्या शेजारच्या हँगरमध्ये एक गृहस्थ असतात. वय ७४, आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेले. ते ट्रेलर घेऊन आले, विमान आणायला मदत केली, आणि दुसऱ्या दिवशी इंजिन उघडायला बसले. बसण्याआधी मला तीन प्रश्न विचारले.

पहिला, "काढलेले प्लग कुठे आहेत?" म्हटलं, फेकले. त्यांनी नुसती मान हलवली. प्लगच्या टोकाचा रंग म्हणजे आत काय चाललंय याची नोंद असते. बिस्किटी तपकिरी असेल तर ठीक, काळा-तेलकट असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर हवा जास्त आणि आत नको तितकं गरम. ते प्लग पांढुरके होते, हे मला आठवतंय. स्वच्छ वाटले होते मला! मंडळी, आपल्या भाषेत सांगायचं तर मी लॉग फाइल वाचायच्या आधीच डिलीट केली होती.

दुसरा, "काटा वर दिसल्यावर काय विचार केलास?" म्हटलं, दिवस गरम होता. तर म्हणाले, "गरम हवा विरळ असते. हवा कमी, पेट्रोल तेवढंच. मिश्रण उलट रिच होतं आणि तो काटा खाली यायला हवा. तू कारण शोधलं नाहीस, समजूत घातलीस."

आणि तिसरा, जो मी अजून विसरलेलो नाही. "मे महिन्यात तुला कारण सापडलं होतं, की नुसतं लक्षण गेलं होतं?"

कारण नंतर पाच मिनिटांत सापडलं. कार्ब्युरेटर इंजिनला एका रबरी गळ्याने जोडलेला असतो. त्यांनी कार्ब्युरेटर हाताने हळूच खाली वाकवला, आणि गळ्याच्या मुळाशी एक भेग उघडली. सोडला की बंद. इंजिन थंड आणि स्तब्ध असताना काहीच दिसत नाही. थरथरायला लागलं की भेग उघडते, बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण लीन. फेरे का रेंगाळत होते, आयडल का नाचत होता, प्लग पांढुरके का होते, काटा वर का होता, सगळ्याला एकच उत्तर. त्या दुपारी कार्ब्युरेटर काढून परत बसवताना ते रबर बहुधा थोडं वेगळं बसलं, आणि भेग काही तास गप्प राहिली. मी चार गोष्टी एकदम बदलल्या, त्यामुळे नेमकं कशाने बरं वाटलं हेही मला सांगता येत नव्हतं. सिलिंडर काढला तर पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे. ते रबर किती जुनं होतं? मला माहीत नव्हतं. विमान घेतलं तेव्हापासून मी कधी विचारलंच नव्हतं.

आता मला जे म्हणायचंय ते. आपोआप नाहीसा झालेला बिघाड हा दुरुस्त झालेला बिघाड नसतो. उलट तो समोर दिसणाऱ्या बिघाडापेक्षा वाईट, कारण तो आता तुमचा विश्वास घेऊन बसलेला असतो. स्कूटर परत बंद पडली तर ढकलत घरी नेता येते. इथे परत बंद पडणं ही वेगळी गोष्ट आहे.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला, 'चालतंय त्याला हात लावू नये.' हा आक्षेप मूर्खपणाचा नाही बरं का. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये वॉडिंग्टन नावाचे एक शास्त्रज्ञ (मूळचे जीवशास्त्रज्ञ!) विमानांच्या बिघाडांचा हिशोब मांडत होते. त्यांना दिसलं, की दर ५० तासांच्या तपासणीनंतर लगेच बिघाड वाढतात आणि मग हळूहळू कमी होतात. म्हणजे तपासणीच बिघाड घालत होती. उघडझाप जितकी जास्त, तितकी चूक करायची संधी जास्त. पण यातून 'बघूच नका' असं निघत नाही. निघतं ते एवढंच, की बघणं आणि उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ब्युरेटर हाताने हलवून बघायला एकही नट सोडवावा लागत नाही. मी मात्र सगळं उघडलं आणि काहीच बघितलं नाही.

दुसरा, 'मग फोर-स्ट्रोक घे ना.' रोटॅक्सचं ९१२ हे फोर-स्ट्रोक इंजिन खरंच विश्वासाचं आहे. टू-स्ट्रोकचं मोठं काम साधारण ३०० तासांनी काढायचं, तर नव्या ९१२ चं २००० तासांनी. पण ते एकटंच साठ किलोच्या आसपास भरतं. ११५ किलोच्या विमानात उरलेल्या वजनात पंख, चाकं आणि खुर्ची कशी बसवणार? आणि गंमत म्हणजे त्या इंजिनाचेही रबरी पाइप वगैरे दर पाच वर्षांनी बदलायला सांगितलेले असतात, मग ते एक तास चाललेलं असो की हजार. रबराला तास कळत नाहीत, त्याला कॅलेंडर कळतं.

तेव्हा मी आता काय करतो? फार काही नाही. एक वही ठेवलीय. काही वेगळं वाटलं की आधी लिहितो, मग हात लावतो. एका वेळी एकच गोष्ट बदलतो. काढलेला भाग तारीख लिहून पिशवीत ठेवतो. रबर, पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा, यांना वयाची मर्यादा घातलीय, चांगले दिसत असले तरी. इंजिन बसवल्यावर कार्ब्युरेटरची आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करून आत थोडी हवा भरायची आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं, हे त्या गृहस्थांनी शिकवलं. बुडबुडा आला की गळती. बघताना मला आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला आठवला, ट्यूब घमेल्यात बुडवून शांतपणे बसलेला. तो कधी अंदाजाने ठिगळ लावत नसे. बुडबुडा दिसेपर्यंत फिरवत राहायचा. इतकी वर्षं मी चुकीच्या गुरूकडून शिकत होतो म्हणायचं! (बाबा हे वाचणार आहेत, तेव्हा इथे एक स्मायली :-) )

आणि कारण सापडेपर्यंत उडायचं नाही. हा नियम सगळ्यात अवघड. सप्टेंबरमधला एक लख्ख शनिवार, वारा नाही, सगळे मित्र वर, आणि मी हँगरमध्ये एका रेंगाळणाऱ्या आरपीएमसमोर बसून. संध्याकाळी कळलं, की थ्रॉटलची केबल एका वळणावर घासत होती. पाच मिनिटांचं काम. पण तो शनिवार फुकट गेला असं काही वाटलं नाही.

असो. सोमवारी ऑफिसात आलो तर एक सर्व्हर रात्री अडकला होता. कोणीतरी रीस्टार्ट केला, चालू झाला, आणि तक्रार बंद करताना शेरा मारला, 'आता व्यवस्थित आहे.' मी ती तक्रार परत उघडली. टीममध्ये थोडी कुरकुर झाली. होऊ दे.