राखीव दिवस म्हणजे सुट्टी नव्हे

मैत्रिणींनो, तुमची लेक हवाईसुंदरी म्हणून मुंबईत नोकरीला लागली असेल, तर "आई, आज स्टँडबाय आहे" हे शब्द कानी पडतीलच. आपण चटकन म्हणतो, "काम नाही ना? मग साताऱ्याला ये की!"

पण ही सुट्टी नव्हे, बरं का! विमानात दर ५० आसनांमागे किमान एक सेविका लागते. म्हणजे १८० आसनांना चौघी. त्यातली एक आजारी पडली, की राखीव मुलीला बोलावणं येतं. सातारा-मुंबई अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. एसटी खंबाटकी घाटात अडकली तर ती पोचणार कशी?

तिला एवढं सांगा. गणवेश इस्त्री करून टांगलेला हवा, बॅग भरलेली, ओळखपत्र हाताशी, फोन उशाशी. बोलावणं रात्रीही येतं, तेव्हा दुपारी पडदे ओढून झोप काढावी. हलकं जेवून घ्यावं, वाट पाहत उपाशी बसू नये.

आणि आपणही एक पथ्य पाळायचं. अशक्तपणा म्हटला, की सांगलीकडच्या आईचा हात द्राक्षासवाकडे जातो. पण आसव मुरताना त्यात मद्यार्क तयार होतो आणि उड्डाणापूर्वी श्वासाची तपासणी असते. २०२३ च्या नियमांनुसार तर मद्यार्काचं माउथवॉशसुद्धा चालत नाही. मायेच्या दोन चमच्यांनी नोकरीवर गदा यायची! औषध कंपनीच्या डॉक्टरांना विचारूनच घेऊ दे. डब्यात आपले डिंकाचे लाडू द्या.