हवामान बदलाचं शिक्षण आधी खुर्चीवाल्यांना द्या

परवा तालुक्याच्या गावी एका सरकारी सभागृहात 'हवामान बदल व स्वच्छ ऊर्जा' या विषयावर जनजागृती कार्यशाळा झाली. बातमीसाठी गेलो होतो. वेळ अकराची, पाहुणे आले साडेबाराला. दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले आणि सगळे लोकप्रतिनिधी 'पुढच्या कार्यक्रमाला' निघून गेले. मागे उरल्या अंगणवाडीच्या ताया, शाळेची पोरं आणि चार शेतकरी. तेवढ्यात लाईट गेली. मग डिझेलच्या जनरेटरवर सौरऊर्जेचं भाषण झालं. वर गच्ची मोकळी, ऊन रखरखीत!

शेवटी एका ताईंनी विचारलं, "सर, हे सगळं खरंय, पण आम्ही करायचं काय?" उत्तर आलं, "झाडं लावा." चहा झाला, कार्यशाळा संपली.

मला यावर बोलायचंय. कारण शिकायची गरज ज्यांना सगळ्यात जास्त होती, तेच शाल घेऊन निघून गेले.

आपल्या लोकांना हवामान बदललंय हे सांगावं लागत नाही. मराठवाड्याने एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं पाहिलं. त्याच मराठवाड्याने सप्टेंबर २०२५ मध्ये पिकासकट माती वाहून जाताना पाहिली. लोकांना माहीत नाही ते यामागचं कारण. ते काही अवघड नाही. हवा १ अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. मग ते पडतं तेव्हा धो धो पडतं, आणि मधले खंड लांबतात. पुण्यातल्या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा असलेला केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा अहवाल २०२० मध्ये आला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं, असं त्यात आहे. अहवाल इंग्रजीत. तुमच्या पंचायत समितीत कुणी वाचलाय का, विचारून बघा.

यात आम्हा पत्रकारांचाही गुन्हा आहे, आणि माझाही आहे. वीस वर्षं मी 'निसर्ग कोपला', 'अस्मानी संकट', 'वरुणराजाची अवकृपा' असे मथळे दिले. असा मथळा दिला की सगळेच सुटतात. नाला बुजवून प्लॉट पाडणारा सुटतो, त्याला परवानगी देणारा सुटतो, आणि वर्षानुवर्षं आराखडा फडताळात ठेवणारा साहेबही सुटतो. राज्यासाठी हवामान बदलाला तोंड देण्याचा आराखडा 'टेरी' या संस्थेने २०१४ मध्येच तयार करून दिला होता, हे मीही फार उशिरा वाचलं.

अज्ञानाची किंमत किती असते? १६ एप्रिल २०२३, खारघर. राज्याचा सर्वोच्च पुरस्कार देण्याचा सोहळा, तोही भर उन्हात, उघड्या मैदानावर. उष्माघाताने १४ जीव गेले. स्टेजवर मंडप होता, लोकांवर नव्हता. एप्रिलमध्ये दुपारी माणसं उन्हात बसवायची नसतात, हे आमच्याकडे मजुराला कळतं. तो सकाळी सहाला कामाला लागतो आणि अकराला झाडाखाली येतो.

किंमत पैशातही आहे. २०२५ च्या पुरानंतर सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. मदत हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण आधी शहाणपणावर खर्च केला असता तर नंतर मदतीवर किती वाचले असते, हा हिशेब कुणी मांडतच नाही.

आता स्वच्छ ऊर्जेचं. 'सोलर म्हणजे शहरी फॅड, आपल्याला कोळसाच बरा', असं म्हणणारे पुढारी आहेत. त्यांना २०१५ ची आठवण करून देतो. धरणात पाणी नाही म्हणून परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद पडलं होतं. कोळशाच्या विजेला पाणी लागतं, आणि आपल्याकडे नेमकं तेच नसतं. ऊन मात्र फुकट आहे.

आणि हे कागदावरचं नाही. साताऱ्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला त्याच वर्षी सौर कृषी वाहिनीचा प्रकल्प सुरू झाला आणि शेतकऱ्यांना मोटारीसाठी दिवसा वीज मिळू लागली. रात्री दोनला साप-विंचवाच्या भीतीने पाणी द्यायला गेलेल्याला विचारा, दिवसाची वीज म्हणजे काय असते ते. घरावरच्या ३ किलोवॉटच्या सोलरला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान आहे. पण आमच्याकडे निम्म्या लोकांना ते 'सगळं मोफत' वाटतं आणि उरलेल्या निम्म्यांना 'फसवणूक'. खरं काय ते समजावून सांगायला माणूस नाही. मग एजंट सांगेल ते खरं.

"गरिबाला पोटाची चिंता, त्याला कसलं हवामान?" असंही ऐकवतात. अहो, गरिबाचंच पोट हवामानावर आहे! मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या खटल्यात स्पष्ट म्हटलं, की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येणारा हक्क आहे. हक्क आहे म्हटल्यावर मागायला लाज कसली?

म्हणून माझ्या चार मागण्या :

१. नगरसेवक, सरपंच, जिल्हा परिषद सदस्य यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण, मराठीत, आणि हजेरी फलकावर लावा. उद्घाटन करून पळणाऱ्यांचीही नावं लावा.

२. महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाचे आकडे फक्त ६५ मिलिमीटरच्या अतिवृष्टीच्या पंचनाम्यापुरते वापरू नका. दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवा. आपल्याच गावाचा पाऊस कसा बदललाय, ते लोकांना आपोआप कळेल.

३. प्रत्येक सरकारी इमारतीचं वीजबिल दारावर लावा आणि गच्ची रिकामी का, हेही लिहा.

४. एप्रिल-मेमध्ये ११ ते ४ उघड्यावर सभा, सोहळा, मेळावा नको. कुणाचाही असो.

यातल्या एकाही मागणीला मोठा निधी लागत नाही. लागते ती थोडी शरम.

माझ्याकडून एवढं करतो : 'निसर्ग कोपला' हा मथळा यापुढे माझ्या बातमीत दिसणार नाही. दिसला तर इथेच खाली कान धरा. आणि पुढच्या ग्रामसभेत तुमच्यापैकी एकाने तरी उठून विचारा, "सरपंच, यंदा आपल्या मंडळात किती दिवसांत किती पाऊस झाला?" उत्तर काय मिळालं ते मला कळवा. छापतो.