दार तीन, चावी मात्र वरच!

इराणचा विषय निघाला की आपल्याकडं दोनच सूर लागतात. एक म्हणतो, "तिथं कसल्या आल्यात निवडणुका!" दुसरा म्हणतो, "अहो, गावागावात मतदान होतं तिथं." मंडळी, दोघंही अर्धंच सांगतात. निवडून आलेल्या माणसाला घरी कोण बसवू शकतं, ते विचारा. खरी सत्ता तिथं असते.

देशात ३१ प्रांत, म्हणजे ओस्तान. त्याखाली ४०० हून जास्त शहरेस्तान, म्हणजे साधारण आपले जिल्हे. मग बख्श, आणि शेवटी देहेस्तान, गावांचा गट. कारभारी कोण? ओस्तानदार, फर्मानदार, बख्शदार. हा 'दार' ओळखीचा वाटला ना? फारसीतून आपल्या तहसीलदारात तोच येऊन बसलाय. या तिघांपैकी एकालाही जनता निवडत नाही. ओस्तानदाराचं नाव गृहमंत्री सुचवतो, मंत्रिमंडळ मंजूर करतं. बाकीचे दोघं त्याच साखळीतले.

मग लोकांच्या हाती काय? शहर आणि गाव परिषदा. १९७९ च्या राज्यघटनेत त्या लिहिल्या गेल्या, पण पहिली निवडणूक झाली १९९९ मध्ये, खातमी राष्ट्राध्यक्ष असताना. कागदावरचा हक्क जमिनीवर यायला २० वर्षं! तीही उमेदवारांची चाळणी लावूनच. परिषद महापौर निवडते हे खरं, पण मोठ्या शहरात त्याच्या नेमणुकीचा हुकूम गृहमंत्रालयातून निघतो.

तेहरानची ती पहिली परिषद आपसातल्या भांडणात अडकली आणि २००३ च्या सुरुवातीला सरकारनं बरखास्त केली. वैतागलेले लोक पुढच्या मतदानाला फिरकलेच नाहीत. त्या परिषदेनं महापौर केला अहमदीनेजाद यांना. दोन वर्षांत ते राष्ट्राध्यक्ष! "नगरपालिकेच्या मतानं काय होतंय" म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

दुसरी गोष्ट यज्दची. आपल्याकडचे इराणी कितीतरी याच भागातून आलेले. तिथल्या नगर परिषदेवर २०१७ मध्ये सेपंता निकनाम हे झरथुष्ट्री गृहस्थ पुन्हा निवडून आले. मतं मुसलमान शेजाऱ्यांनीही दिली, कारण झरथुष्ट्री तिथं मूठभरच. पण मुस्लिमबहुल गावात बिगर मुस्लिम उमेदवार नको, असं तेहरानच्या पालक मंडळाचं मत पडलं आणि त्यांचं सदस्यत्व निलंबित झालं. २०१८ मध्ये ते परत मिळालं, पण तेसुद्धा तेहरानमधल्याच दुसऱ्या मंडळाच्या निर्णयानं. काढणारे वरचे, बसवणारे वरचे. यज्दच्या मतदाराला मधे कुणी विचारलं?

म्हणून म्हणतो, तिथल्या मतपेटीला हसू नका आणि तिला भुलूही नका. माणसं रांगेत उभी राहून मत देतात, शेजाऱ्याचा धर्म न बघता देतात. नालायकी त्यांची नाही. लोकांनी दिलेलं वरून काढून घेता येतं, त्या व्यवस्थेची आहे.

पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा, पण मुद्द्यावर!