मेला तर मेला, स्वस्तातला मासा

"एवढं काय थांबताय? दोन डॅमसेल सोडा, टाकी आपोआप तयार होईल. मेले तर मेले, स्वस्तातला मासा आहे."

खाऱ्या पाण्याची टाकी घ्यायची ठरवल्यापासून हे वाक्य मी तीन दुकानांत ऐकलं. तिन्ही वेळा हसत हसत. जुनेजाणते हौशी लोकही हेच सांगतात तेव्हा तर डोकंच फिरतं.

तर मंडळी, हे 'तयार होणं' काय ते आधी सांगतो. (सायकलिंग चालू आहे म्हटल्यावर आमच्या काकांना वाटलं मी पोट कमी करायला सायकल घेतली!) मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडत असतो. समुद्रात तो कुठल्या कुठे विरून जातो, टाकीत साचतो. खडकांवर आणि वाळूत वाढणारे काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे दाखवून दिलं, म्हणजे गोष्ट काही नवी नाही. फक्त हे जिवाणू भयंकर सावकाश वाढतात. रात्री विरजण लावलं आणि सकाळी दही, असला प्रकार नाही. चार ते सहा आठवडे धरून चाला.

म्हणजे त्या सल्ल्याचा सरळ अर्थ असा की जिवाणूंना खायला अमोनिया हवा, तो मासा देईल, आणि जिवाणू पुरेसे होईपर्यंत त्याच अमोनियात बसून कल्ले भाजून घेईल. गोड्या पाण्यात गोल्डफिश पाळलेले लोक म्हणतात, आम्ही पहिल्याच दिवशी मासे सोडले, काही झालं नाही. अहो, तुमचं पाणी पीएच ७ च्या आसपास, माझं ८.२. अमोनियाचा जो भाग खरा विषारी, त्याचं प्रमाण इथे साधारण दहापट होतं. तेवढाच अमोनिया, पण दहापट विष.

"पण डॅमसेल काटक असतो हो." या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. काटक म्हणजे त्याला त्रास होत नाही असं नाही, मरायला वेळ लागतो एवढंच. शिवाय बाजारातले बरेचसे डॅमसेल इंडोनेशिया किंवा फिलिपिन्सच्या प्रवाळातून पकडलेले असतात. प्लास्टिकच्या पिशवीत विमानाने इथवर आणायचं ते याच्यासाठी?

बरं, दया-माया बाजूला ठेवा, स्वार्थ बघा. जो जगतो तो टाकीचा मालक होतो! सहा आठवड्यांनी तुम्ही हौसेने आणलेल्या क्लाउनफिशला कोपऱ्यात गाठून बडवतो. त्याला बाहेर काढायचं तर रचलेले सगळे खडक उपसा.

आणि हे सगळं टाळायला लागतं काय? नवसागर. हो, आपल्या कल्हईवाल्याचाच. अर्थात बाजारातला नको, त्यात काय मिसळलंय देव जाणे. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून शुद्ध अमोनियम क्लोराइड घ्या. शंभर लिटर पाण्याला साधारण ०.६ ग्रॅम टाकलं की अमोनिया २ पीपीएमच्या आसपास जातो. किट घेऊन मोजत राहा. तेवढाच डोस चोवीस तासांत पचून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की झालं. मग बरंचसं पाणी बदलून साठलेलं नायट्रेट कमी करा आणि खुशाल एखादा मासा आणा. एकदम पाच नव्हे. हे नको असेल तर कोळंबीचा तुकडा टाकून कुजू द्या. घरात वास सुटेल, बायको बोलेल, पण कोळंबी निदान आधीच मेलेली असते.

बाटलीतले जिवाणू मिळतात, त्यातले चांगले असतील तर वेळ वाचतोही. पण बाटलीवर काय छापलंय त्यापेक्षा किट काय सांगतं ते बघा.

दुकानदाराला आज विक्री हवी, हे मला मान्य आहे. मग आज किट विका, मीठ विका, अमोनियाची बाटली विका. माझ्यासारखं गिऱ्हाईक दीड महिन्याने मासे न्यायला येणारच आहे, आणि तेव्हा नेलेला मासा जगला तर पुढचाही तुमच्याकडूनच नेईल.