तिसऱ्या-कालवांतील नैसर्गिक विषांच्या नियमित तपासणीबाबत निवेदन

प्रति,
मा. अन्न सुरक्षा आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: खाडीतील शिंपल्यांची विषतपासणी खात्रीच्या पद्धतीने सुरू करण्याबाबत.

महोदय,

आम्ही रत्नागिरीच्या भाट्ये व काळबादेवी खाडीत ओहोटीला तिसऱ्या, मुळे, कालवे काढून वाट्याने विकणाऱ्या महिला आणि आमच्या घरांतील मत्स्यशास्त्राचे पदवीधर हे निवेदन सादर करीत आहोत.

आमच्याकडे परीक्षा एकच: उकडल्यावर जिने तोंड उघडले नाही, ती तिसरी फेकायची. त्यातून विष ओळखता येत नाही. काही सूक्ष्म शैवालांचे विष शिंपल्याच्या मांसात साठते. त्याला वास नाही, चव नाही, आणि उकडून ते जात नाही. आधी ओठ-जीभ बधिर होतात. विष जास्त असेल तर श्वास बंद पडतो. 1983 मध्ये मंगळूरजवळ अशी विषबाधा झाली. 1997 मध्ये केरळात विळिंजम येथे 7 जण दगावले, 500 हून अधिक रुग्णालयात गेले. तोच अरबी समुद्र आमच्या दारात आहे.

ओठ-जीभ बधिर करणाऱ्या सॅक्सिटॉक्सिन या विषाची मर्यादा 100 ग्रॅम मांसात 80 मायक्रोग्रॅम आहे. जुन्या पद्धतीत मांसाचा अर्क उंदराला टोचून तो किती वेळात मरतो, यावरून मात्रा काढतात. डोमोइक आम्ल या दुसऱ्या शैवालविषाची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम. तेवढे विष उंदराच्या चाचणीत खात्रीने सापडत नाही. युरोपीय संघाने मेदात विरघळणाऱ्या विषांसाठी 2011 मध्येच एलसी-एमएस ही यंत्रावरची रासायनिक तपासणी संदर्भ पद्धत म्हणून ठरवली.

आमच्या मागण्या:

1. दर पंधरवड्याला प्रत्येक खाडीतून शिंपले व पाण्याचे नमुने घ्यावेत.
2. सॅक्सिटॉक्सिनसाठी एचपीएलसी ही यंत्रावरची रासायनिक तपासणी व इतर विषांसाठी एलसी-एमएस यंत्रणा रत्नागिरीत उभारावी.
3. जेट्टीवर झटपट चाचणीपट्ट्या द्याव्यात; संशयित नमुन्याची प्रयोगशाळेत खात्री करून घ्यावी.
4. अहवाल तीन दिवसांत, मराठीत, जेट्टीच्या फलकावर लावावा.
5. बंदी लागल्यास त्या दिवसांची भरपाई मिळावी. लागोपाठ दोन नमुने निर्दोष येताच बंदी उठवावी.
6. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना या विषबाधेची लक्षणे व उपचार यांचे प्रशिक्षण द्यावे.

अहवाल वाईट आला, तर आम्ही स्वतःहून टोपली घरी ठेवू. आमच्या पोरांच्या ताटातही त्याच तिसऱ्या असतात.

आपल्या विश्वासू,
भाट्ये व काळबादेवी खाडीकाठच्या महिला व ग्रामस्थ

प्रत माहितीसाठी: मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय, महाराष्ट्र राज्य